गाळाने राखलेले गाव

सुरमेदाणीतली काळसर, चकाकती पूड परंपरेने ज्या दगडापासून करीत, त्या दगडाचे नाव लावणारे एक गाव अमेरिकेत आहे. दगड म्हणजे गॅलेना, शिसे आणि गंधक यांचे संयुग. हातात घेतला तर आकाराच्या मानाने फारच जड लागतो. हातोड्याने फोडला की त्याचे चौकोनी, आरशासारख्या बाजूंचे तुकडे होतात. भट्टीत घातला की गंधक धूर होऊन जाते आणि शिसे वितळून खाली उतरते. इतक्या सहज धातू देणारी खनिजे थोडीच. गावाच्या नावाचा उच्चार तिथली माणसे ‘गलीना’ असा करतात. इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीपासून काही किलोमीटर आत, एका छोट्या नदीच्या दोन्ही काठांवर ते वसले आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे ३,३०८ माणसे मोजली गेली. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी ही वस्ती. मात्र या गावाचा बहुतेक सगळा भाग १९६९ पासून राष्ट्रीय वारसा-नोंदणीत आहे, आणि नोंदलेल्या वास्तू शेकड्यांनी मोजाव्या लागतात.

एवढ्याशा गावात इतक्या जुन्या इमारती उभ्या कशा राहिल्या, हा प्रश्न मला त्या इमारतींच्या सौंदर्यापेक्षा जास्त ओढून घेतो. कारण अमेरिकेत सुबत्ता आली की पहिला घाव जुन्या घरावर पडतो. गलीनात तो घाव पडला नाही. का पडला नाही, हे समजायला आधी जमिनीखाली उतरावे लागते.

अमेरिकेचा हा मध्यपश्चिम भाग म्हणजे नजर पोहोचेल तिथवर मक्याची सपाट शेते, असे चित्र आपल्या डोक्यात असते. ते बरेचसे खरेही आहे. हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या प्रचंड हिमनद्यांनी हा प्रदेश रंध्याने तासावा तसा तासला आणि वर माती, वाळू, गोटे यांचा जाड थर पसरून दिला. पण विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉय यांच्या सीमा जवळ येतात तिथला एक पट्टा या हिमनद्यांनी वगळला. चारही बाजूंनी बर्फ आले-गेले, हा तुकडा मात्र कोरडा राहिला. त्यामुळे इथे अजून डोंगर आहेत, खोल घळी आहेत, उघडे कडे आहेत. इतरत्र गाळाखाली गाडले गेलेले चुनखडीच्या जातीचे प्राचीन खडक इथे वर डोकावतात, आणि त्यांच्या भेगांमध्ये शिशाचे खनिज भरलेले होते. खोल बोगदे नकोत, यंत्रे नकोत. कुदळ, फावडे, विहिरीवर असतो तसा एक रहाट आणि बादली एवढ्यावर खाण सुरू होई.

गोऱ्या माणसांनी ही खनिजे ‘शोधली’ असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले असते, पण ते खरे नाही. सॉक, मेस्क्वाकी आणि हो-चंक या आदिवासी जमाती इथे आधीपासून शिसे काढत होत्या, आणि खाणीतले बरेचसे काम त्यांच्या बायका करीत. १७८८ मध्ये ज्युलियन डुब्युक नावाच्या फ्रेंच-कॅनेडियन व्यापाऱ्याने मेस्क्वाकींची परवानगी मिळवून मिसिसिपीच्या पलीकडच्या काठावर खाणकाम मांडले. आयोवातले डुब्युक शहर त्याच्याच नावाचे. १८०७ मध्ये अमेरिकी सरकारने शिशाच्या जमिनी स्वतःकडे राखून ठेवल्या आणि त्या भाडेपट्ट्याने द्यायचे ठरवले. १८२२ मध्ये केंटकीच्या जेम्स जॉन्सनला असा पट्टा मिळाला आणि तो गुलाम मजुरांना बरोबर घेऊन इथे उतरला. इलिनॉय कागदोपत्री गुलामीमुक्त राज्य होते. या गावाच्या पायात त्या मजुरांचाही घाम आहे, आणि त्यांच्या नावाचे एकही घर इथे उभे नाही. १८२३ मध्ये ‘व्हर्जिनिया’ नावाची आगबोट पहिल्यांदा मिसिसिपीतून इतक्या वरपर्यंत चढून गेली. १८२६ मध्ये वस्तीला गलीना हे नाव पडले. आणि मग माणसांचा लोंढा लागला. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीच्या वीस-पंचवीस वर्षे आधीची ही शिशाची धावपळ.

या धावपळीतून दोन टोपणनावे जन्मली आणि ती आजही जिवंत आहेत. दक्षिण इलिनॉयमधले लोक वसंतात नदीने वर येत, उन्हाळाभर खणत आणि थंडी पडली की परत जात. त्याच काळात त्याच वाटेने ‘सकर’ नावाचे मासे ये-जा करीत, म्हणून या लोकांना सकर म्हणू लागले. जे हिवाळ्यातही हटत नसत, ते डोंगराच्या कुशीत बिळे खणून राहात. बिळात राहणारा प्राणी बॅजर, म्हणून ते बॅजर. विस्कॉन्सिन राज्य आजही स्वतःला बॅजर राज्य म्हणवते. म्हणजे या परिसरातले गोऱ्या वसाहतींचे पहिले घर हे खरे तर डोंगरातले एक भोक होते. जमीन सरकारची, आपण आज आहोत उद्या नाही, अशा मनःस्थितीत कोण पक्के घर बांधणार? ओंडक्यांची खोपटी, गवताचे छप्पर, बस्स.

म्हणूनच डाउलिंग हाउसपाशी थांबायला हवे. गावातले सगळ्यांत जुने घर म्हणून ते दाखवतात. १८२६ चे, स्थानिक चुनखडीच्या दगडात बांधलेले. भिंती जाड, खिडक्या लहान, दिसायला अगदी साधे. इथे खाली व्यापार चाले, वर बिऱ्हाड असे. खोपट्यांच्या त्या वस्तीत कुणीतरी दगडावर दगड रचून घर उभारले याचा अर्थ त्याने परतीचा विचार सोडला होता. सहा वर्षांनी, १८३२ मध्ये, ब्लॅक हॉक या सॉक नेत्याने आपल्या गेलेल्या भूमीवर परतण्याचा प्रयत्न केला. त्यातून युद्ध पेटले, त्याचे लोक मोठ्या संख्येने मारले गेले आणि ज्यांनी इथे सर्वांत आधी शिसे काढले होते त्या जमातींना मिसिसिपीच्या पश्चिमेला रेटण्यात आले. गलीनातली सगळी देखणी घरे त्यानंतरची आहेत. ती पाहताना ही गोष्ट विसरू नये असे मला वाटते.

पुढची पंचवीस वर्षे गावावर शिशाचा पाऊस पडला. छपाईचे खिळे, बंदुकीच्या गोळ्या, पाण्याचे नळ आणि मुख्य म्हणजे घरांना लावायचा पांढरा रंग, या सगळ्याला शिसे लागे. १८४५ च्या सुमारास अमेरिकेत निघणाऱ्या शिशापैकी जवळजवळ ८० टक्के याच पट्ट्यातून येत होते. ओतलेल्या शिशाच्या लगडी गलीनाच्या धक्क्यावर रचल्या जात आणि आगबोटींतून सेंट लुईस, न्यू ऑर्लिन्सकडे जात. परतीच्या बोटींतून कापड, पीठ, लोखंड, काच, पियानो, दारू सगळे येई. १८३३ मध्ये शिकागोला नगराचा दर्जा मिळाला तेव्हा तिथे जेमतेम साडेतीनशे माणसे होती. त्या काळी कुणी विचारले असते की या भागातले मोठे शहर कोणते होणार, तर उत्तर गलीना हेच आले असते.

ही श्रीमंती पाहायची तर मेन स्ट्रीटवर जावे. रस्ता सरळ नाही. नदीच्या वळणाबरोबर तोही वळतो, त्यामुळे उभे राहिले की पुढची दुकाने एकदम न दिसता हळूहळू उलगडत जातात. दोन्ही बाजूंना लाल विटांच्या तीन-चार मजली इमारती, एकमेकींना खांदा लावून उभ्या. १८५० च्या दशकात मोठ्या आगी लागल्या, त्यानंतर बाजारात लाकडाची जागा विटांनी घेतली, म्हणून इतका एकसारखा चेहरा. तळमजल्यावर दुकान, त्याला ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब आणि मोठी तावदाने. वर पेढी किंवा वखार, त्याच्याही वर बिऱ्हाड. दुकानांची पाठ नदीकडे, म्हणजे माल मागच्या दाराने चढे आणि गिऱ्हाईक पुढच्या दाराने येई. थोडे बाजूला १८४५-४६ मध्ये बांधलेले मार्केट हाउस आहे. भोवतीच्या चौकात शेतकरी भाजी, अंडी, मांस घेऊन बसत, वरच्या मजल्यावर नगरपालिकेची सभा भरे आणि तळघरात कोठडी होती. भाजी, कारभार आणि तुरुंग एका छपराखाली ठेवण्याची ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. आज ती इमारत राज्य सरकारचे वारसास्थळ आहे.

बाजारातून मान वर केली की गावाची खरी रचना कळते. डोंगर इतका चढा की एका आळीतल्या घरांची छपरे वरच्या आळीच्या पायाशी येतात. घोडागाडीला वळसा पडे, माणसे मात्र सरळ पायऱ्यांनी चढत. या लांबच लांब जिन्यांवरून वर जाताना घरांचे वय नजरेने ओळखता येते. त्यासाठी वास्तुशास्त्र शिकायची गरज नाही, छपराकडे पाहायला शिकले की पुरते. छप्पर साधे, भिंत सपाट, खिडक्या काटेकोर समान अंतरावर, दारावर फार तर एक छोटी कमान, असे असेल तर ते घर बहुधा जुन्या पिढीचे, ज्या शैलीला तिकडे फेडरल म्हणतात. पुढच्या बाजूला देवळासारखे त्रिकोणी शिखर आणि पांढरे खांब असतील तर ती ग्रीक रिव्हायव्हल. १८२१ मध्ये ग्रीकांनी तुर्कांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले तेव्हा अमेरिकनांना आपल्या लोकशाहीचे मूळ आठवले, आणि पुढची काही दशके बँकेपासून घरापर्यंत सगळे ग्रीक देवळासारखे बांधण्याची लाट आली. आणि छपराची वळचण भिंतीच्या बरीच बाहेर आलेली, तिच्याखाली नक्षीचे लाकडी टेकू, खिडक्या उंच आणि अरुंद, कधी डोक्यावर चौकोनी मनोरा असेल, तर ती १८५० नंतरची इटालियनेट. गलीनात या तीनही लाटा एकाच उतारावर पाहायला मिळतात. त्यानंतरच्या लाटा इथवर फारशा आल्याच नाहीत. घरांच्या शैलींचा हा क्रम जिथे थबकतो, नेमके तिथेच गावाचे नशीब थबकले होते.

इटालियनेटचा कळस म्हणजे नदीपलीकडचा बेल्व्हेडिअर वाडा. १८५७ चा, बावीस खोल्यांचा. जे. रसेल जोन्स या आगबोटींच्या धंद्यातल्या माणसाने तो बांधला, जो पुढे बेल्जियममध्ये अमेरिकेचा राजदूत झाला. बोटींच्या पैशावर उभे राहिलेले हे घर बांधून झाले तेव्हा बोटींचे दिवस भरत आले होते.

कारण त्या आधीच दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. पहिली रेल्वे. शिकागोतून बाहेर निघालेल्या पहिल्या रेल्वे कंपनीचे नाव होते ‘गलीना अँड शिकागो युनियन’. नावात गलीना आधी, शिकागो नंतर. १८३६ मध्ये सनद मिळाली, १८४८ मध्ये पहिली गाडी धावली. शिशाच्या गावाला शिकागोशी जोडायचे हा उद्देश. पण त्या कंपनीचे रूळ गलीनापर्यंत कधी पोहोचलेच नाहीत. ते वाटेत फ्रीपोर्टला थांबले आणि १८५४ मध्ये गलीनात आली ती इलिनॉय सेंट्रल ही दुसरीच कंपनी. वर्षभरात तिने रूळ पुढे मिसिसिपीच्या काठापर्यंत नेले. तोवर आयोवाकडचा माल गलीनाच्या धक्क्यावर उतरत असे. आता तो थेट मोठ्या नदीच्या काठी गाडीत चढू लागला आणि शिकागोला जाऊ लागला. गावाच्या नावाने सुरू झालेली रेल्वे शेवटी गावाला वळसा घालून शिकागोचेच घर भरणारी झाली.

दुसरी गोष्ट अधिक हळू आणि अधिक क्रूर होती. शिसे गाळायला भट्ट्या लागतात, भट्ट्यांना लाकूड लागते. डोंगर उघडे होत गेले. उरलेल्या उतारांवर नांगर चालला. खाणींनी जमीन उकरून ठेवलेलीच होती. पावसाळी पाण्याबरोबर ही सगळी सैल माती नदीत उतरली. ज्या पात्रात एका वेळी कितीतरी आगबोटी नांगरून उभ्या राहात, ते पात्र वर्षागणिक अरुंद आणि उथळ होत गेले, आणि मोठ्या बोटींचे येणे थांबले. उथळ खनिजही आटत चालले होते, कित्येक खाणकामगार १८४९ नंतर कॅलिफोर्नियाला सोन्यामागे निघून गेले होते. गावाने डोंगरातून श्रीमंती खणून काढली आणि त्याच डोंगराच्या मातीने गावाचे दार बुजवले.

पण हे सगळे आज आपल्याला दिसते. १८५५ च्या गलीनाला ते दिसत नव्हते. त्या वर्षी मेन स्ट्रीटवर डिसोटो हाउस हे हॉटेल उघडले. पाच मजले, सव्वादोनशेच्या आसपास खोल्या. पश्चिमेतले सर्वांत मोठे हॉटेल असे त्याचे वर्णन होई. १८५६ च्या जुलैत अब्राहम लिंकनने याच्या सज्जातून भाषण केले. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार नव्हता, दुसऱ्याच्या प्रचाराला आला होता. अपेक्षा होती की गाव वाढत जाईल आणि खोल्या भरत जातील. पंचवीस वर्षांनी, १८८० मध्ये, हॉटेलचे वरचे दोन मजले उतरवून टाकावे लागले. आज जे डिसोटो हाउस दिसते ते तीन मजली आहे. मोठी दुरुस्ती होऊन १९८६ मध्ये ते पुन्हा उघडले, आणि पाहुणे त्यात आजही उतरतात.

अशीच दुसरी इमारत म्हणजे टपाल आणि जकात कचेरी. समुद्रापासून इतक्या आत जकात कचेरी कशाला, असे वाटेल. पण परदेशी माल न्यू ऑर्लिन्सहून नदीने थेट इथवर येई, म्हणून सरकारने गलीनाला बंदराचा मान दिला होता. आराखडा सरकारी वास्तुकार ॲमी यंग यांचा, जे त्या काळात देशभर अशा कचेऱ्या बांधत होते. इमारत १८५९ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे रेल्वे येऊन पाच वर्षे झाल्यावर. जकात घेण्यासारखे फारसे उरले नव्हते. टपाल मात्र राहिले, आणि आजही तिथेच आहे. गल्ल्यावर तिकिटे मिळतात.

या बांधकामावर देखरेख करायला १८५७ मध्ये एक अभियंता गलीनात आला होता. त्याचे नाव ईली पार्कर. जन्माने सेनेका, म्हणजे न्यू यॉर्क राज्यातल्या एका आदिवासी जमातीचा. त्याने आधी कायद्याचा अभ्यास केला होता, पण आदिवासी माणूस अमेरिकेचा नागरिक मानला जात नव्हता आणि नागरिक नाही म्हणून त्याला वकिलीची सनद नाकारली गेली. मग तो अभियांत्रिकीकडे वळला. ज्या प्रदेशातून आदिवासींना पाव शतकापूर्वी हुसकावले होते, तिथल्या सरकारी इमारती उभ्या करण्याचे काम एका आदिवासी माणसाच्या हाती होते. खलाशांसाठी बांधलेले मरीन हॉस्पिटलही त्याच्याच देखरेखीखाली झाले. गलीनात त्याची ओळख एका चामड्याच्या दुकानातल्या अबोल माणसाशी झाली.

तो माणूस युलिसिस ग्रँट. १८६० च्या एप्रिलमध्ये तो बायकामुलांसह आगबोटीने गलीनात उतरला. वय ३८ च्या आसपास. सैन्यातली नोकरी सोडलेली, शेती फसलेली, सेंट लुईसमधला धंदाही न चाललेला. वडिलांचे चामड्याचे दुकान मेन स्ट्रीटवर होते, धाकटे भाऊ ते चालवत. त्यातला सिम्प्सन क्षयाने खंगत होता. म्हणून थोरल्याला बोलावून घेतले. ग्रँटने डोंगरावर हाय स्ट्रीटला एक विटांचे छोटे घर भाड्याने घेतले. सकाळी पायऱ्या उतरून दुकान, संध्याकाळी पायऱ्या चढून घर. गिऱ्हाइकांशी गप्पा मारण्यात तो फार वाकबगार नव्हता, असे त्याला ओळखणाऱ्यांनी पुढे सांगितले.

एका वर्षाने उत्तर आणि दक्षिण राज्यांमध्ये यादवी युद्ध पेटले. गावातल्या न्यायालयात सभा भरली, तिचे अध्यक्षस्थान सैन्याचा अनुभव म्हणून ग्रँटला दिले गेले. जॉन रॉलिन्स या तरुण वकिलाने आगपाखड करणारे भाषण केले. गावातले खासदार एलिहू वॉशबर्न यांनी ग्रँटला वॉशिंग्टनमध्ये उचलून धरले. तीन वर्षांत चामड्याच्या दुकानातला तो माणूस उत्तरेच्या सगळ्या सैन्यांचा सेनापती झाला. रॉलिन्स त्याचा उजवा हात झाला, पार्कर त्याचा लेखनिक. १८६५ च्या एप्रिलमध्ये ॲपोमॅटॉक्स इथे दक्षिणेचा सेनापती ली शरण आला तेव्हा शरणागतीच्या अटींची अंतिम प्रत पार्करच्या हस्ताक्षरात लिहिली गेली. या एका गावाने युद्धाला नऊ सेनानी दिले. आठ हजारांच्या गावातून इतके निघाले, हा पराक्रमाइतकाच ओळखीपाळखीचाही परिणाम होता. ग्रँट आपली माणसे बरोबर घेऊन वर चढला.

१८६५ च्या १८ ऑगस्टला तो परतला तेव्हा डिसोटो हाउससमोर रस्त्यावर स्वागताची कमान उभारली होती. युद्धाच्या काळात ग्रँट म्हणाला होता म्हणतात की आपल्याला एकच पद हवे, गलीनाचा महापौर व्हावे आणि घरापासून स्टेशनपर्यंत पायवाट बांधून घ्यावी. पायवाट बांधून झाली आहे, असे लोकांनी त्या कमानीवर लिहून ठेवले होते. आणि नुसती पायवाट नव्हती. नदीपलीकडच्या टेकडीवरचे, १८६० मध्ये बांधलेले एक इटालियनेट घर गावातल्या श्रीमंतांनी अडीच हजार डॉलरला विकत घेऊन, सामानसुमानासह त्याला भेट दिले. दोन्ही घरे पाहिली की फरक लगेच कळतो. पहिले भाड्याचे, पायऱ्यांच्या वर, गर्दीत. दुसरे मोकळ्या हिरवळीवर, रुंद वळचणीचे, स्टेशनपासून जवळ. एकाच माणसाची पाच वर्षे या दोन छपरांमध्ये मावली आहेत.

त्या नव्या घरात तो फार राहिला नाही. १८६८ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक आपण जिंकल्याचा निकाल त्याला गलीनातच कळला, पण स्वतःच्या घरी नव्हे, वॉशबर्न यांच्या ग्रीक खांबांच्या घरातल्या ग्रंथालयात, तारेने. मग आठ वर्षे वॉशिंग्टन. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ जगप्रवास. या प्रवासात १८७९ च्या १३ फेब्रुवारीला तो मुंबईला उतरला. मलबार पॉइंटवरच्या सरकारी बंगल्यात त्याची उतरण्याची व्यवस्था होती. तिथून जबलपूर, आग्रा, दिल्ली, कलकत्ता करत तो पुढे गेला. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा माणूस, ज्याने मलबार टेकडीवरून अरबी समुद्र पाहिला होता, पुन्हा गलीनाच्या टेकडीवरच्या घरात राहायला आला. तोवर खालची नदी बोटींना नकोशी झाली होती. पुढे तो न्यू यॉर्कला गेला. घर आणि सामान तसेच राहिले. १९०४ मध्ये त्याच्या मुलांनी ते गावाला दिले, नंतर ते राज्याकडे गेले. आत आजही ग्रँट कुटुंबाच्या वापरातले पुष्कळ सामान आहे.

१८६० च्या जनगणनेत गलीनात ८,१९६ माणसे होती. ती संख्या पुन्हा कधी गाठली गेली नाही. आसपास जस्ताच्या खाणी विसाव्या शतकातही चालल्या, दुधाचा धंदा वाढला, पण गावात पैसा असा खेळला नाही. शिकागो, मिलवॉकी, सेंट लुईसमध्ये जुन्या विटांच्या इमारती पाडून पोलादी इमारती चढत होत्या, तेव्हा गलीनात पाडायलाही पैसे नव्हते आणि पाडून बांधायला कारण नव्हते. दुकाने रिकामी, फळ्या ठोकलेल्या, पण भिंती शाबूत. गरिबीला कुणी जतन म्हणत नाही, आणि ते दिवस काढणाऱ्यांना त्यात काही गोड वाटले नसेल. पण इमारतींच्या बाजूने पाहिले तर त्या पन्नास-साठ वर्षांच्या ओढाताणीने जे राखले ते कुठल्याही कायद्याने राखले नसते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकागोचे चित्रकार, हौशी लोक इथे येऊ लागले आणि स्वस्तात घरे घेऊन दुरुस्त करू लागले. त्याही आधी, उत्तरेला तासाभराच्या वाटेवर विस्कॉन्सिनमधल्या मिनरल पॉइंट या दुसऱ्या शिशाच्या गावात, रॉबर्ट नील आणि एडगर हेलम या दोघांनी १९३५ मध्ये एक मोडकळीला आलेले दगडी घर विकत घेतले होते. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेल्या खाणकामगारांनी ते बांधलेले. घराला त्यांनी पेन्डार्व्हिस हे कॉर्निश नाव दिले आणि खर्च निघावा म्हणून तिथे कॉर्निश पद्धतीच्या पास्त्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्याच म्हणा, विकायला सुरुवात केली. सेनापतींची घरे वाचतातच, कुणीतरी वर्गणी काढतो. मजुराचे दोन खोल्यांचे घर वाचवायचे हे त्या काळात कुणाला सुचत नव्हते, म्हणून मला या दोघांचे काम अधिक मोलाचे वाटते.

आज गलीनाच्या मेन स्ट्रीटवर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. शिकागोहून गाडीने अडीच-तीन तासांत येता येते. खिळे, चामडे, बियाणे विकणाऱ्या जागांमध्ये आता बहुतेक पाहुण्यांसाठीच्या वस्तू मिळतात, मिठाई, वाइन, दागिने. हा बदल मला पूर्ण रुचत नाही, पण त्याच पैशातून वळचणीचे टेकू रंगवले जातात हेही खरे. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ या १९८९ च्या चित्रपटात मिनेसोटातले एक गाव दाखवायचे होते, तेव्हा कॅमेरा याच रस्त्यावर लावला गेला. इलिनॉय सेंट्रलचे १८५७ चे स्टेशन अजून आहे. तिथे पुढे उतारूंच्या जागी पर्यटकांना माहिती दिली जाऊ लागली. गावच्या इतिहास संग्रहालयाच्या इमारतीत खाली पाहिले की जुन्या शिशाच्या खाणीची विहीर दिसते, घराच्या पायाखालून थेट डोंगरात उतरलेली.

आणि मेन स्ट्रीटच्या तोंडाशी एक हिरवा पोलादी दरवाजा आहे, रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा. पात्र गाळाने भरल्यामुळे वरच्या डोंगरांत जोराचा पाऊस झाला की पाण्याला जागा उरत नसे आणि ते थेट बाजारात शिरे. १९३७ मध्ये असाच मोठा पूर आला. शेवटी नदीकाठी बांध घातला गेला आणि १९५१ मध्ये हे दरवाजे बसवले गेले. एरवी ते उघडे असतात, गाड्या मधून जातात, कुणाचे लक्षही जात नाही. नदी चढू लागली की पालिकेची माणसे येतात आणि दोन्ही पल्ले ओढून लावून घेतात.